हायपोस्पेडियासचं ऑपरेशन: कळल्यापासून नळी निघेपर्यंत आणि पुढेही, आईबाबांसाठी सगळं सविस्तर

बाळ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर त्याला पुसत होत्या, पुसता पुसता थांबल्या, परत एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या "डॉक्टर राउंडला आले की दाखवते हं." डॉक्टर आले, दोन सेकंद बघितलं, "शूचं भोक जरा खाली आहे, मोठा झाल्यावर बघू" एवढंच बोलून पुढच्या बेडकडे गेले. मोठा झाल्यावर म्हणजे कधी, एक वर्षाचा की दहा वर्षांचा, कुणाला दाखवायचं, तोपर्यंत काय सांभाळायचं, काहीच कळलं नाही आणि विचारायची पण लाज वाटत होती. त्यात घरात कुणीतरी बोललंच की ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का. मी सात महिने हे मनात घेऊन बसले होते.

आता मुलगा चार वर्षांचा आहे, दोन ऑपरेशनं झालीत, मस्त उभं राहून सरळ शू करतो. ऑपरेशन सर्जन करतात आणि दोन-तीन तासांत संपतं, पण त्यानंतरचे शूसाठी आत ठेवलेल्या नळीचे सात-आठ दिवस पूर्णपणे आपल्या हातात असतात आणि त्याबद्दल मराठीत नीट सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं.

हे नेमकं काय असतं

मुलाच्या शिश्नाच्या टोकाला जे लघवीचं भोक असायला हवं ते टोकावर नसून खालच्या बाजूला कुठेतरी असतं. टोकाच्या जरासं खाली, मधोमध, किंवा पार अंडकोषाच्या पिशवीपाशी नाहीतर त्याच्याही मागे. बहुतेक मुलांमध्ये ते टोकाच्या जवळच असतं, त्याला डिस्टल म्हणतात, आणि जेवढं मागे तेवढं ऑपरेशन मोठं. सोबत अजून दोन गोष्टी असू शकतात, एक म्हणजे शिश्न खालच्या बाजूला वाकलेलं असणं, याला कॉर्डी म्हणतात, आणि दुसरं म्हणजे पुढची कातडी खाली नसतेच, सगळी वरच्या बाजूला टोपरं घातल्यासारखी गोळा झालेली असते. ही टोपऱ्यासारखी दिसणारी कातडी लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

साधारण २०० ते ३०० मुलग्यांमागे एकाला हे असतं, म्हणजे अजिबात दुर्मिळ नाही, फक्त कुणी बोलत नाही. लघवीची नळी गर्भात साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात घडीसारखी मिटत मिटत टोकापर्यंत येते, तिचं मिटणं मधेच थांबलं की हे होतं. बऱ्याचदा तेव्हा आपल्याला दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. वडिलांना किंवा मोठ्या भावाला असेल तर शक्यता वाढते, पण बहुतेकांच्या बाबतीत एकच एक कारण सापडत नाही. ग्रहण, विळी, पपई, जिने चढणं, यातल्या कशानेही हे होत नाही. हे मी घरात सगळ्यांसमोर डॉक्टरांच्या तोंडून वदवून घेतलं, तुम्हीही तसंच करा, सासूबाईंना एकदा सोबत घेऊन जा, आमच्याकडे त्यानंतर तो विषयच बंद झाला.

पहिल्या काही दिवसांत एवढं नक्की करा

सगळ्यात महत्त्वाचं, सुंता करू नका. ज्या घरांत सुंतेची पद्धत आहे तिथे हे आधीच सांगून ठेवा, आणि "जन्मतःच अर्धी झालेली आहे, उरलेली करून टाकू" असं कुणी म्हणालं तरी थांबवा. ती टोपऱ्यासारखी जास्तीची कातडी सर्जनचं कापड आहे, त्यातूनच नवी नळी किंवा तिच्यावरचा थर करावा लागू शकतो, आणि ऑपरेशनच्या वेळी बऱ्याचदा सुंतेसारखंच होऊन जातं, त्यामुळे वेगळी करायची गरजच राहत नाही. कातडी राखायची असेल तर काही मुलांमध्ये ती परत जोडता पण येते, तसं आधी बोलून ठेवावं लागतं.

दुसरं, दोन्ही गोळ्या (वृषणं) अंडकोषाच्या पिशवीत उतरल्यात का हे डॉक्टरांना हात लावून बघायला सांगा. एखादी वरच राहिली असेल, किंवा भोक खूप मागे असेल, तर हॉर्मोनच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि क्रोमोसोमची टेस्ट सांगतात. आणि दोन्ही गोळ्या लागतच नसतील तर घरी जाण्याआधीच तपासणी हवी, कारण क्वचित हे ॲड्रिनल ग्रंथीच्या आजाराचं लक्षण असतं आणि त्यात बाळाच्या अंगातलं मीठ घटून पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बाळ गंभीर होऊ शकतं. इथे मोठा झाल्यावर बघू चालत नाही. मांडीच्या सांध्यात हर्निया पण या मुलांमध्ये थोडा जास्त दिसतो, रडताना तिथे फुगवटा आला तर दाखवा.

बाकी बाळाला दूध, मालिश, लसी सगळं नेहमीसारखं. कातडी मागे ओढायची नाही, भोकात तेल घालायचं नाही. आणि एक काम करून ठेवा, बाळ शू करताना धार कुठून आणि कशी येते त्याचा एक छोटा व्हिडिओ काढा, ओपीडीत डॉक्टर विचारतात आणि नेमकी तेव्हा बाळ शू करत नाही. तो व्हिडिओ फक्त डॉक्टरांना दाखवायचा, कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही, मदत मागायला म्हणून पण नाही.

कुणाला दाखवायचं आणि कधी

पीडियाट्रिक सर्जन किंवा पीडियाट्रिक युरॉलॉजिस्ट, म्हणजे लहान मुलांचे सर्जन. गावातले जनरल सर्जन कितीही चांगले असले तरी हे काम रोज करणाऱ्याचं आहे. ऑपरेशन डोळ्यांना भिंगाचा चष्मा लावून करतात आणि टाक्याचा धागा केसाएवढा बारीक असतो.

वय साधारण ६ ते १८ महिने धरतात. तेव्हा बाळाला आठवत नाही, जखम छान भरते, डायपर असतोच त्यामुळे नळी सांभाळणं सोपं जातं. पण तुमचा मुलगा पाच किंवा दहा वर्षांचा असेल तर वेळ गेली असं समजू नका, कुठल्याही वयात करता येतं, फक्त त्याला विश्वासात घ्यावं लागतं. आणि भोक अगदी टोकाशीच असेल, धार सरळ असेल, वाक नसेल तर कधी कधी ऑपरेशन नकोच असं पण सर्जन सांगतात, ते ऐकून दुसरा डॉक्टर शोधत फिरू नका. ऑपरेशन मुळात कशासाठी, तर उभं राहून सरळ धार यावी, मोठेपणी ताठरता सरळ असावी, संबंधात आणि मूल होण्यात अडचण येऊ नये आणि दिसायला नेहमीसारखं दिसावं.

पहिल्या भेटीत मी फक्त मान डोलावून आले होते, दुसऱ्या भेटीत वहीत लिहून नेलं. भोक कुठे आहे आणि वाक किती आहे? एका टप्प्यात होईल की दोन? तुम्ही वर्षाला अशी किती करता आणि त्यात किती मुलांना परत ऑपरेशन लागतं? नळी किती दिवस ठेवणार? घरी गेल्यावर रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कुणाला करायचा? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. चांगले सर्जन या प्रश्नांवर चिडत नाहीत. आमचे तर म्हणाले "लिहून आणलंत ते बरं केलंत."

शिश्नाचं टोक फार लहान असेल तर ऑपरेशनच्या आधी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा मलम देतात. त्याने काही आठवडे आकार वाढतो, कधी थोडे केस दिसतात, ते औषध थांबल्यावर हळूहळू जातं, घाबरू नका.

पैशांचं

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन आहे, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण यादीतल्या प्रत्येक हॉस्पिटलात लहान मुलांची सर्जरी होतेच असं नाही, म्हणून आधी त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटून "हायपोस्पेडियास इथे योजनेत होतं का" असं नाव घेऊन विचारा. रेशन कार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला तयार ठेवा, जन्मदाखल्यावरचं नाव आणि केसपेपरवरचं नाव एकच हवं, यात बऱ्याच जणांचं अडतं. गावाकडे असाल तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येणाऱ्या टीमला सांगा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणतात त्याला, २०१३ ला आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यांच्यामार्फत जिल्हा रुग्णालयात आणि पुढे मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं जातं. मुंबईत परळचं वाडिया, केईएम, सायन, पुण्यात ससून, अशा मोठ्या हॉस्पिटलांत लहान मुलांच्या सर्जरीचे वेगळे विभाग आहेत, तिथे वेटिंग असतं म्हणून नंबर लवकर लावा.

मेडिक्लेमवर मात्र आंधळा भरवसा नको. बऱ्याच पॉलिसींमध्ये बाहेरून दिसणारे जन्मजात दोष वगळलेले असतात आणि हे त्यातच धरतात. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत कधी कव्हर असतं. तोंडी उत्तर घेऊ नका, ईमेलवर लेखी घ्या, ॲडमिट व्हायच्या आधी.

ऑपरेशनच्या आधीचा आठवडा

सर्दी, कफाचा खोकला, ताप असेल तर लपवू नका, भुलीला धोका असतो आणि तारीख दोन-चार आठवडे पुढे गेली तरी काही बिघडत नाही. आमची तारीख एकदा पुढे गेली, नवऱ्याची सुट्टी वाया गेली, चिडचिड झाली, पण बरंच झालं. नुकतीच लस दिली असेल तर तारीख सांगा. रक्ताच्या तपासण्या होतात, भूलतज्ज्ञ भेटतात, त्यांना बाळाला किंवा घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर सांगा.

घरी आणून ठेवायचं सामान: डायपरची दोन पाकिटं, एक नेहमीच्या साइजचं आणि एक त्याहून मोठ्या साइजचं, का ते खाली सांगते. मायक्रोपोर टेप, छोटी कात्री, बटणाचे सैल झबले किंवा आजीचं मऊ सुती लुगडं फाडून केलेली दुपटी, पॅरासिटॅमॉलचं सिरप, ड्रॉपर. आणि घर लांब असेल तर नळी निघेपर्यंत त्याच शहरात राहायची सोय करा. आम्ही पुण्यात मावशीकडे आठ दिवस राहिलो, रात्री एकदा जावं लागलं तेव्हा रिक्षाने वीस मिनिटांत पोचलो.

करदोडा काढा. वाळे, मनगट्या, गळ्यातलं सगळं काढा. करदोड्यावरून आमच्याकडे वाद झाला, मोडू नये म्हणतात, पण नळी त्यात अडकली की ओढली जाते. मी तो कापून देवापाशी ठेवला, नळी निघाल्यावर नवा बांधला, सगळे खूश.

त्या दिवशी

उपाशी ठेवण्याचं वेळापत्रक कडक पाळा. साधारणपणे वरचं दूध, पावडरचं दूध, खाणं हे ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, तुमचे भूलतज्ज्ञ नेमकी वेळ लिहून देतील. पोटात काही असेल तर भुलीत ते उलटून श्वासनळीत जाऊ शकतं, हे घरातल्या प्रत्येकाला कारणासकट सांगा, कारण नुसतं "देऊ नका" म्हटलं की आजीचं मन राहत नाही, बाळ रडतंय म्हणून एक बिस्कीट हातात जातंच. आम्ही पहाटे चारला उठवून शेवटचं पाजलं, मग कडेवर घेऊन कॉरिडॉरमध्ये फिरत राहिलो.

पूर्ण भूल देतात आणि बाळ झोपल्यावर माकडहाडापाशी एक इंजेक्शन देतात, कॉडल म्हणतात त्याला, त्याने कमरेखालचा भाग काही तास बधिर राहतो आणि बाळ उठल्यावर लगेच दुखत नाही. पाय थोडे लुळे वाटतात, संध्याकाळपर्यंत ठीक होतात.

आत काय करतात हे मला डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं आणि शिवणकाम येत असल्यामुळे पटकन कळलं. आधी कातडी मागे सोलून घेतात, सलाईन भरून शिश्न ताठ करून वाक खरंच किती आहे ते बघतात आणि थोडा असेल तर वरच्या बाजूने टाके घेऊन सरळ करतात. मग खालच्या बाजूला जी उघडी राहिलेली पट्टी असते, जी खरं तर नळी व्हायची होती, तिच्या मधोमध उभा छेद देतात. त्याने पट्टीला रुंदी मिळते आणि मग तिच्या दोन कडा एका मऊ बारीक नळीवर गुंडाळून बाहीसारख्या शिवून घेतात. त्यावर कातडीखालच्या मऊ थराचं अस्तर लावतात म्हणजे शिवणीतून गळत नाही, मग टोक बंद, शेवटी कातडी. ही छेद देऊन नळी करायची पद्धत अमेरिकेतले डॉ. स्नॉडग्रास यांनी १९९४ ला मांडली आणि टोकाजवळच्या प्रकारात आज सगळीकडे हीच जास्त चालते, तिला टिप म्हणतात. भोक मागे असेल आणि पट्टीचं कापड पुरत नसेल तर त्या टोपऱ्याच्या आतल्या बाजूच्या कातडीची नळी करतात. यात आपल्या आग्र्याचे डॉ. असोपा यांची १९७१ ची पद्धत जगभर शिकवली जाते, मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. आणि वाक फार असेल तर दोन टप्पे, पहिल्यात सरळ करून आतल्या कातडीचा किंवा गालाच्या आतल्या त्वचेचा तुकडा बसवायचा, किमान सहा महिने थांबून दुसऱ्यात नळी करायची. दोन टप्पे सांगितले म्हणजे केस बिघडली असं नसतं, घाईने एका टप्प्यात कोंबण्यापेक्षा ते बरं.

साधं ऑपरेशन दीड-दोन तासांचं, मोठं असेल तर तीन-चार. बाळ बाहेर आल्यावर पट्टीत गुंडाळलेलं, बाहेर लोंबणारी बारीक नळी, पाय लुळे, चेहरा सुजलेला, बघून पोटात गोळा येतो. तासा-दीड तासात दूध पितं.

नळीचे दिवस

इथे मी जास्त लिहिणार आहे कारण इथेच माणूस एकटा पडतो.

नवीन शिवलेल्या नळीच्या आत एक मऊ बारीक नळी ठेवलेली असते, टोकाला एका टाक्याने बांधलेली, बहुतेक ५ ते १० दिवस. त्यातून शू सतत थेंब थेंब गळत असते. लहान बाळांना पिशवी लावत नाहीत, दोन डायपरची पद्धत वापरतात. आतल्या नेहमीच्या साइजच्या डायपरला पुढून एक रुपयाएवढं भोक पाडायचं, भोकाच्या कडा दोन्ही बाजूंनी मायक्रोपोरने बंद करायच्या नाहीतर आतली जेल बाहेर येऊन जखमेला चिकटते (मी पहिल्या दिवशी टेप लावली नव्हती, ते दाणे निवडत बसले होते). त्या भोकातून नळीचं टोक बाहेर काढायचं आणि वरून मोठ्या साइजचा दुसरा डायपर घालायचा. म्हणजे शी आतल्यात राहते, शू बाहेरच्यात जाते, दोघांची गाठ पडत नाही. शिश्न वरच्या दिशेला, बेंबीकडे तोंड करून ठेवायचं, खाली दुमडलेलं नको. डायपर बदलताना शक्यतो दोघं हवेत, एकाने हात धरायचे. बाळाचा हात वीजेसारखा नळीकडे जातो.

दर दोन-तीन तासांनी बाहेरचा डायपर ओला आहे ना ते हाताने बघायचं. मी वहीत वेळ लिहीत होते, रात्रीचा गजर लावून. तीन-चार तास कोरडा असेल आणि बाळ पाय झाडत रडत असेल तर आधी नळी कुठे दुमडली किंवा डायपरच्या पट्टीखाली दबली का ते बघायचं, सरळ केली की बऱ्याचदा भळकन शू येते. नाही आली तर फोन, लगेच. घरी स्वतः सिरिंजने पाणी मारायचं नाही, तुम्हाला हॉस्पिटलात शिकवलं असेल तरच.

तिसऱ्या रात्री आमचं बाळ झोपेतून एकदम किंचाळून उठलं, पाठ कमानीसारखी ताणली, पाय पोटाशी घेतले, नळीच्या बाजूने थोडी शू आली, आणि अर्ध्या मिनिटात शांत. परत दहा मिनिटांनी तेच. हाच तो प्रसंग ज्यासाठी रिक्षाने गेलो. तिथे कळलं की ही ब्लॅडर स्पॅझम, मूत्राशयाला नळी टोचते म्हणून कळ येते. ऑक्सिब्युटिनिनचं सिरप आम्हाला आधीच लिहून दिलेलं होतं पण "गरज लागली तर" असं लिहिल्यामुळे आम्ही दिलंच नव्हतं. तुम्ही डिस्चार्जच्या वेळीच विचारा की गरज म्हणजे काय दिसल्यावर द्यायचं. त्या औषधाने चेहरा लाल होतो, तोंड कोरडं पडतं, घाम कमी येतो, म्हणून उन्हाळ्यात बाळाला गुंडाळून ठेवू नका.

त्यानेच शी पण घट्ट होते, आणि शीसाठी जोर लावला की टाक्यांवर ताण येतो, कळा वाढतात. त्यामुळे पाणी, वरणाचं पाणी, पेज, पिकलेली पपई, भिजवलेल्या मनुका कुस्करून, आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर शी पातळ करणारं औषध. दोन दिवस शी झाली नाही तर तिसऱ्याची वाट बघत बसू नका, विचारा.

पॅरासिटॅमॉल पहिले दोन-तीन दिवस वेळेवर द्या, रडायची वाट बघू नका. पण बाटलीवरचा आकडा वाचा. आपल्याकडे एकाच नावाच्या सिरपमध्ये ५ मिलीमागे १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०, आणि ड्रॉप्समध्ये तर १ मिलीतच १०० असतं. डोस बाळाच्या वजनावर असतो, म्हणून डॉक्टरांनी लिहिलेली बाटली आणि दुकानदाराने दिलेली बाटली एकच आहे ना ते जुळवून बघा. अँटिबायोटिक दिलं असेल तर पूर्ण कोर्स.

कडेवर घ्यायचं नाही. आपल्याकडे बाळ उचललं की सवयीने कडेवरच जातं, पाय फाकतात आणि जखम आपल्या कमरेला घासते. दोन्ही पाय एकत्र धरून समोर, आडवं किंवा पाठमोरं घ्या. वॉकर, तीनचाकी, घोडा, झुल्यात पाय फाकून बसणं हे सगळं दोन-तीन आठवडे बंद. रांगणारं बाळ रांगेल, चालणारं चालेल, ते बांधून ठेवता येत नाही आणि तसं ठेवायचंही नसतं. अंघोळ नाही, अंग पुसायचं. पट्टीला शी लागली तर कोमट पाण्याच्या ओल्या कापसाने वरवर पुसा, हळद, राख, तेल, घरातलं कुठलंही मलम नको.

काय चालतं: डायपरवर गुलाबी डाग, एखाद-दुसरा रक्ताचा थेंब, सूज, निळसर जांभळा रंग, पट्टीवर पिवळा सुकलेला थर. पट्टी आपोआप गळून पडली तरी बहुतेक वेळा काही होत नाही, फोन करून सांगा. काय चालत नाही: ताजं रक्त थांबतच नाही, १०१ च्या वर ताप, घाण वासाचा पू, टोक काळं पडलंय असं वाटणं, शू बंद, सारख्या उलट्या. यातलं काहीही झालं की रात्र असली तरी निघायचं. आणि नळी ओढून निघाली तर ती परत आत घालायचा प्रयत्न चुकूनही करू नका. झाकून ठेवा आणि फोन करा, कितवा दिवस आहे त्यावर ते ठरवतात.

मोठ्या मुलाला पिशवी लावतात, त्याला ती कमरेच्या खाली धरायला शिकवा, आणि पाहुण्यांना त्या आठवड्यात बोलवू नका. आठ वर्षांच्या मुलाला चादर उचलून "दाखव बघू" म्हणणारा एक तरी निघतो.

नळी काढताना

ओपीडीतच काढतात, टाका कापायचा आणि सरकन ओढायची, पाच सेकंद. पट्टी चिकटली असेल तर कोमट पाण्यात भिजवून काढतात, अर्धा तास आधी पॅरासिटॅमॉल देऊन न्या. पहिली शू होताना बाळ रडतं, झोंबतं, फवारा उडतो, एखादा थेंब रक्त येतं. मी त्याला कोमट पाण्याच्या टबात बसवलं, तिथेच त्याने केली आणि मी रडले. घरी जाण्याआधी एकदा तरी शू झालेली बघून निघा.

त्या दिवशी दिसायला भयंकर दिसतं, फुगलेलं, वेडंवाकडं, टाके लोंबणारे. टाके आपोआप विरघळतात. सूज जायला आठवडे लागतात आणि शेवटचं रूप कळायला सहा महिने ते वर्ष. रोज फोटो काढून कालच्या फोटोशी जुळवत बसू नका, मी बसले होते, झोप उडते फक्त. डॉक्टर सांगतील तेव्हापासून रोज टबात बसवा आणि टोकाला मलम लावायला सांगितलं असेल तर ते लावा, त्याने भोक चिकटत नाही.

धार बघत राहा

तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याने बाथरूममधून हाक मारली. बाळ उभं होतं, टोकातून छान धार येत होती आणि त्याच वेळी खालून, टोकाच्या जरा मागून, एक एक थेंब टपकत होता. उजेडात वाकून बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढं भोक. फिस्टुला. हे सगळ्यात जास्त दिसणारं कॉम्प्लिकेशन आहे. टोकाजवळच्या प्रकारात साधारण शंभरातल्या पाच ते दहा मुलांना काही ना काही कारणाने परत ऑपरेशन लागतं, मागच्या प्रकारात हे प्रमाण खूपच जास्त, कधी निम्म्याच्या आसपास. मला वाटलं माझ्याकडूनच डायपर बदलताना काहीतरी झालं. सर्जन म्हणाले, तसं नसतं, तिथली कातडी पातळ होती. काही बारीक फिस्टुला सुरुवातीच्या महिन्यांत आपोआप बुजतात, आमचा नाही बुजला. किमान सहा महिने थांबायचं असतं म्हणजे कातडी परत मऊ होते, आम्ही आठ महिने थांबलो आणि २२ महिन्यांचा असताना बंद केला. ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा पुष्कळ सोपं गेलं.

दुसरी लक्ष ठेवायची गोष्ट म्हणजे धार बारीक होत जाणं, दोऱ्यासारखी, जोर लावून, वर उडणारी, शूला खूप वेळ लागणं. याचा अर्थ भोक आकसतंय, आणि पुढे दाब वाढून फिस्टुला पण होऊ शकतो, त्यामुळे पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. शू करताना खालच्या बाजूला फुग्यासारखं फुगणं, टोक उघडं पडून दोन भाग दिसणं, सारखं लघवीचं इन्फेक्शन, हे पण दाखवायचं. म्हणून महिन्यातून एकदा पाच मिनिटं धार बघायची सवय ठेवा. व्हिडिओची सवय इथेही कामी येते.

पुढची वर्षं

पहिला महिना, तीन महिने, सहा महिने, मग वर्षातून एकदा असा आमचा फॉलोअप. डायपर सुटून मुलगा स्वतः शू करायला लागला की एकदा यूरोफ्लो करतात, एका यंत्राच्या भांड्यात शू करायची आणि धारेचा वेग कागदावर येतो, काही टोचत नाही, आमच्या मुलाला तर परत करायचं होतं. सगळं छान असलं तरी वयात येताना एकदा दाखवायचं असतं, कारण तेव्हा झपाट्याने वाढ होते आणि राहिलेला वाक तेव्हाच दिसतो.

मुलाला सांगायचं का, तर हो, त्याच्या भाषेत. आमच्याकडे "तुझी शूची जागा जरा वेगळी होती, डॉक्टरकाकांनी शिवून छान केली" एवढंच माहीत आहे त्याला, मोठा होईल तसं वाढवू. लपवलं तर चौदाव्या वर्षी तो एकटाच मोबाइलवर शोधत बसेल.

आणि फाइल जपून ठेवा. डिस्चार्ज कार्डवर फक्त "हायपोस्पेडियास रिपेअर" लिहिलेलं असतं, ते पुरत नाही. ऑपरेशन नोट्सची कॉपी मागून घ्या, त्यात कुठली पद्धत, वाक किती होता, कुठला थर वापरला हे असतं. परत ऑपरेशन लागलं तर नव्या सर्जनला सगळ्यात आधी हाच कागद हवा असतो. आमची मूळ कॉपी मावशीच्या कपाटात आहे, फोटो माझ्या आणि नवऱ्याच्या दोघांच्या फोनमध्ये, आणि एक झेरॉक्स लसीच्या कार्डाच्या पिशवीत.